पोत्यांवरची निशाणी

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पावसानं दगा दिला. शेतं करपली आणि कचेऱ्या मात्र भराभर उगवल्या. त्यातल्याच विक्रीकर कचेरीच्या व्हरांड्यात बसवराज वकील सासऱ्यांची वाट बघत उभा होता.

खून-मारामाऱ्यांचे खटले तो घेत नसे. राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर कर कधी लागतो, कधी लागत नाही, एवढंच तो व्यापाऱ्यांना सांगे. औशाच्या नातेवाइकांना हे कामच वाटत नसे. धोंडप्पांना वाटलं होतं. त्यांनी मुलगी दिली, आपल्या डाळमिलच्या माडीवर बसायला खोली दिली आणि अख्ख्या मोंढ्याला, धान्याच्या बाजाराला, सांगितलं, जावयाकडं जा.

आज अशील तेच होते. त्यांचा डाळीचा ट्रक देगलूरच्या नाक्यावर अडला होता. माल विकला जाऊन हैदराबादला निघाला असेल तर केंद्राचा कर लागतो. आपलाच माल आपल्या तिथल्या आडत्याकडं विकायला पाठवला तर लागत नाही. धोंडप्पांनी कागदावर हे दुसरं कारण लिहून दिलं होतं. पण पोत्यांवर हैदराबादच्या व्यापाऱ्याची निशाणी होती. निळा त्रिशूळ. म्हणजे माल आधीच विकलेला.

सकाळी बायकोनं, उमादेवीनं, विचारलं होतं, "अप्पांच्या बाजूनंच बोलणार ना?" तो चपला घालून निघाला होता.

धोंडप्पा आले. पायऱ्या चढून धापा टाकत बाकावर बसले.

"मामा, निशाणी कशाला मारू दिली?"

"म्हंजे? उपरण्याखाली बोटं दाबली, भाव ठरला, हात दिला. मग घेणाऱ्याची निशाणी नको? बिननिशाणीचा माल धाडला तर मोंढ्यात तोंड दाखवायची सोय ऱ्हाईल का?"

बसवराज त्यांच्याकडं बघतच राहिला. कागद त्यांनी हुशारीनं केले होते. निशाणीला मात्र हात लावायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"आता काय करायचं ते तुमी बगा," धोंडप्पा म्हणाले. "हमालाची चूक म्हनून सांगा. येवढं शिकलाव कशाला?"

"सांगता येईल."

"मग सांगा की."

"पण मग लातूरला सौदा झालाच नाही, असं म्हणावं लागेल. हात दिलाच नव्हता, असं. कचेरीवाले हैदराबादच्या शेठलाही बोलावतील. त्यांच्यासमोर म्हणावं लागेल."

धोंडप्पांनी मान वर केली.

"आणि ते मी म्हणणार नाही, मामा. तुम्हाला म्हणायचं असेल तर दुसरा वकील बघा. खोली उद्या रिकामी करतो."

"लई मोठे झालाव."

बसवराजचे मोंढ्यातले सगळे अशील सासऱ्यांच्या शब्दावर आलेले. सासरे गेले तर सगळे जाणार होते. उमादेवीला काय सांगायचं, तेही त्यानं ठरवलं नव्हतं.

समोर पाण्याच्या टँकरभोवती बायकांची भांडणं चालली होती. धोंडप्पा तिकडं बघत होते. पण ते भांडण ऐकत नव्हते.

"त्याच्यासमोर?" त्यांनी मधेच विचारलं.

"हो."

"हात दिला न्हाई म्हनून?"

"हो."

आतून शिपायानं धोंडप्पांचं नाव पुकारलं. ते उठले नाहीत. शिपायानं पुन्हा पुकारलं.

"त्याच्या बापानं माज्या बापाला हात देल्ता," धोंडप्पा म्हणाले. जावयाला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग बाकाला धरून उठले. "सौदा लातूरला झाला म्हनून सांगा. कर भरतो. पर दंड माफ व्हावा म्हनून भांडा. मिल आठवड्यातून दोन दिस बी चालना झालीय, सांगा त्यास्नी. हप्ते मागा. का ते बी तुमच्या कायद्यात बसत न्हाई?"

"बसतं, मामा."

"मग चला. उगं दारात थांबून काय करूलालाव?"

बसवराजनं दार ढकललं आणि सासऱ्यांना पुढं जाऊ दिलं.