आक्काचा लोगो आणि माझं ‘लई भारी’

कंपन्यांचे लोगो काढणं हा माझा पुण्यातला पोटापाण्याचा धंदा. कुठला लोगो जमलाय, कुठला फसलाय, हे मी परक्या माणसाला तोंडावर सांगतो. आक्काला मात्र सांगू शकलो नाही.

आक्का माझी थोरली बहीण, पिंपळवंडीत असते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सासर सांभाळून तिनंच आईचं सगळं केलं. मी सणासुदीला पाहुण्यासारखा यायचो. तेव्हापासून आक्का जे करेल त्याला मी ‘लई भारी’ म्हणत आलो. नवा गोठा, दाराचा रंग, खारट झालेली आमटी, सगळंच लई भारी.

गेल्या हंगामाआधी तिनं शेजारच्या बायकांना घेऊन टोमॅटोची कंपनी काढली आणि लोगो स्वतः रेखाटून फोनवर पाठवला. शिवनेरी, उगवता सूर्य, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, टोमॅटो आणि खाली कंपनीचं नाव. सोबत निरोप : ‘खरं सांग. क्रेटवर मारायचाय.’

बाजारात रिकाम्या क्रेटच्या ढिगातून आपले क्रेट परत ओढायचे, तर खूण चिखलातूनही लांबून ओळखू यायला हवी. ती मारतात पत्र्याचा छापा कापून, वरून रंग फवारून. ‘व’, ‘ब’ असल्या अक्षरांच्या पोटातला तुकडा बारीक पट्टीनं धरून ठेवला नाही, तर तो गळून पडतो आणि अक्षराचा नुसता गोळा होतो. आक्काच्या चित्रात अशी पट्टी कुठंच नव्हती. मला ते पाहताक्षणी दिसलं होतं. तरी मी अंगठा पाठवला.

टोमॅटोच्या पहिल्या तोड्याला मी गावीच होतो. आक्का बाजारातून आली आणि पिकअपमधला एक क्रेट तिनं माझ्यापुढं आपटला.

“काय दिसतंय?”

लाल रंगाचं ढेकूळ दिसत होतं.

“आळेफाट्याचा व्यापारी इचारतो, आक्का, कोंबड्यांची कंपनी काढली का काय? म्हनं अंड्यांवर खुडूक बसल्यावानी दिसतीया! बाया माझ्याकडं बघाया लागल्या, राव.”

“मला आधीच कळलं होतं, आक्का.”

“मंग बोलला का न्हाईस?”

इतकी वर्षं न बोललेलं त्या दिवशी बाहेर आलं. “आईच्या वेळी मी नव्हतो. तुला ‘नाही’ कुठल्या तोंडानं म्हणू?”

ती क्रेटच्या काठावर टेकली. “आई माझी बी व्हती ना रं. तुझ्यावर उपकार म्हनून केलं व्हय मी? आन् त्याच्यापायी मला बाजारात कोंबडी केलीस!” हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. “बोल आता. काय काय वाईट हाय?”

मी बोललो. किल्ला खोडला. बाई खोडली, तेव्हा आक्का जरा फुरंगटली. नावाचं एकच अक्षर ठेवलं, ठसठशीत. सूर्यावर मात्र ती अडली.

“सूर्य राहनार.”

“टोमॅटोही गोल, सूर्यही गोल. लांबून दोन टोमॅटो दिसतील.”

“दिसू दे. दोन तर दोन.”

“वाईट दिसेल, आक्का.”

“आत्ता कुठं तोंड उघडलं, तर आता थांबतोय का बघा! ऐकलं तुझं. सूर्य राहनार.”

छापा मीच कापला, पट्ट्या राखून, सूर्यासकट. तो मला अजूनही आवडत नाही, आणि हे तिला माहीत आहे.