जावईबापूंच्या कोटाची लांबी

आमच्या जावयाचा कोट कुठपर्यंत यावा हे ठरवण्याचा हक्क तिघांना होता. ज्याच्या अंगावर तो चढणार त्याला, जी त्याच्या शेजारी उभी राहणार तिला आणि शिंप्याला. मला तो नव्हता. तरी ठरवलं मी, आणि मग ते निस्तरायला भर उन्हात साक्रीपर्यंत जाऊन आलो.

कोटाशी माझा संबंध तसा जुजबी. माझ्या स्वतःच्या लग्नात मी थोरल्या भावाचा कोट घातला होता. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. फोटोत मला गुडघ्यांपासून खालीच पाय आहेत. बायको तो फोटो पाहुण्यांना दाखवते तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जातो.

आमच्याकडे नवरदेवाचा सूट मुलीकडचे करतात. बस्ता धुळ्याला बांधला, कारण जावईबापूंची नोकरी तिथली. दोन्हीकडची मंडळी गादीवर बसलेली, समोर साड्यांचे ढीग, मधून मधून चहा. सुटाचं कापड निघालं तेव्हा दुकानदार म्हणाला, "सव्वातीन मीटर फाडतो." दुकानदार मारवाडी, पण मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. मी सहज बोलून गेलो, "तीनात होईल की. मुलगा काही फार उंच नाही."

बोललो आणि पाहिलं, तर विहीणबाई दोन हातांवर बसलेल्या. त्या साडीचा काठ बघत होत्या. इतका वेळ कुणी काठ बघत नाही. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की दुकानदाराने मला न विचारताच सव्वातीन मीटर फाडलं.

मुलगा उंच नाही हे खरं होतं. माझी मुलगी त्याच्यापेक्षा दोन इंचांनी उंच आहे. पसंतीच्या वेळी ती त्याला स्पष्ट म्हणाली होती, "मी लग्नात टाचेच्या चपला घालणार. फोटोसाठी गुडघे वाकवून उभी राहणार नाही." तो म्हणाला, "घाला ना. मी कशाला अडवू?" तिथेच तिने होकार दिला असं तिची आई सांगते. मी त्या वेळी पोह्यांत होतो.

कोट कसा हवा हे दोघांनी फोनवर ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे तिने वाचून काढलं आणि त्याने ऐकलं. धुळ्याचा शिंपी जुना, हातात कला असलेला. पहिल्या ट्रायलला मी एकटाच जळगावहून गेलो होतो. कोट कच्च्या टाक्यांवर उभा होता. शिंपी म्हणाला, "हात सोडा खाली. आता बोटं अर्धी मिटा. कोटाची कड तळहातात आली पाहिजे. मागची बैठक झाकली, की बस्स. याच्याखाली गेलो तर पाय आखूड दिसतील."

आरशात मुलगा खरंच नीट दिसत होता. एकदा समोरून, एकदा बाजूने, मग पुन्हा समोरून. शिंप्याला पुढच्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं होतं, पण हा आरसा सोडेना.

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे मुलाचे आजोबा. राहणार साक्रीजवळच्या खेड्यात. डोळे दाखवायला धुळ्याला आले होते, तसेच दुकानात आले. नातवाला पुढून पाहिलं नाही. मागे गेले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "कोट तोकडा शे."

एवढंच. मग चहा प्यायले, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि बसला गेले.

मी जळगावला परत येईपर्यंत त्या तीन शब्दांचा पुरा अर्थ लावला होता. विहीणबाईंनी घरी जाऊन सांगितलं असणार, की मुलीचा बाप पाव मीटरसाठी मरतो. आबा मुद्दाम वाकडी वाट करून बघायला आले असणार. आता लग्नात ती मंडळी कोटाकडे बोट दाखवून म्हणणार, कापड पुरलं नाही बिचाऱ्यांना. पारोळा आलं तोवर मी चार माणसांचे संवाद तयार केले होते, आणि सगळे माझ्याविरुद्ध.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतून शिंप्याला फोन केला. "दोन इंच वाढवा."

"साहेब, खाली दाबात कापड आहे, वाढेल. पण खिसे आहेत तिथंच राहतील. मुलगा बुटका दिसेल."

"वाढवा."

"त्यांना विचारलंय ना?"

"घरातलीच गोष्ट आहे," मी म्हणालो. याला मी खोटं बोलणं समजत नाही. फक्त घरात कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी दुसरी ट्रायल. या वेळी मुलगी आणि बायकोही सोबत होत्या. मुलाने कोट चढवला. कड मांडीवर उतरली होती. खिसे वर राहून गेले होते, आणि त्यांच्याखाली कापडच कापड. आमच्या शेजारी एक फौजदार राहायचे, त्यांच्या पावसाळी कोटाची आठवण झाली.

मुलगी त्याच्या शेजारी जाऊन आरशासमोर उभी राहिली. साध्या चपलांवर. या वेळी मुलाने आरशात एकदाच पाहिलं आणि शिंप्याच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

"हा लांब कुणी केला?" तिने विचारलं.

शिंपी माझ्याकडे बघून सुईत दोरा ओवायला लागला.

"आबा म्हणाले तोकडा आहे," मी म्हणालो.

"कितीने?"

"किती ते नाही म्हणाले."

"मग तुम्ही त्यांना विचारलंत?"

"नाही."

"आम्हाला?"

मी कोटाची कड निरखायला लागलो. तेव्हा मुलगाच मध्ये पडला. "राहू द्या हो. मामांनी केलंय तर काही विचार करूनच केलं असेल. मला चालेल."

मामा म्हणजे मी. तिकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मला त्या 'मला चालेल'चं फार बरं वाटलं. मुलगा गुणी आहे, मोठ्यांचा मान ठेवतो. पण मुलीचा चेहरा उतरला. माझ्यावर चिडली तेव्हा उतरला नव्हता, आता उतरला.

"तुला चालत नाहीये," ती त्याला म्हणाली. "मागच्या रविवारी तू मला चार फोटो पाठवले होतेस. आज एक तरी काढलास? आज कोटाला चालेल म्हणालास. उद्या घर कुठं घ्यायचं, त्यालाही चालेल म्हणशील. पप्पांना सगळ्यातच कळतं."

त्याने कोटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, हा तुम्हाला आता नाही म्हणाला नाही, तर कधीच म्हणायचा नाही. आणि मग पोरीलाच रोज तुमच्याशी भांडावं लागेल. आधी जा, आबांना काय हवं होतं ते विचारून या. कोट घेऊन जा. पोरालाही न्या."

तसे आम्ही दोघं निघालो, कोट पिशवीत. बसमध्ये मी त्याला दोनदा शेंगदाणे दिले. त्याने दोन्ही वेळा घेतले. त्याला शेंगदाणे आवडत नाहीत हे मला लग्नानंतर कळलं.

आबा ओट्यावर बसले होते. पाणी झालं, चहा झाला. मी घसा साफ करून सुरुवात केली. म्हटलं, आबा, माझ्याकडून कापडात काही कंजूसपणा नाही. सव्वातीन मीटरच फाडलंय. दुकानात मी तीन म्हणालो ते नुसतं तोंडातून गेलं. विहीणबाईंचा गैरसमज झाला असेल तर…

आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "याही, तुमना कापडले कोनी नाव ठेवं?"

याही म्हणजे व्याही. माझ्या कापडाला कुणीच नाव ठेवलं नव्हतं. आतून विहीणबाई आल्या, त्यांना तर तीन आणि सव्वातीन काही आठवतच नव्हतं. म्हणाल्या, "मला त्या काठाचा रंग जाईल का, याची काळजी होती."

"मग तोकडा कसा?" मी विचारलं.

आबांनी नातवाला कोट घालायला लावला. मी घाईघाईने म्हटलं, दोन इंच आत घ्या, मूळचा एवढाच होता. विहीणबाईंनी खालची कड दुमडून टाचण्या लावल्या. "आते वाक," आबा म्हणाले. "मना पाय पड."

तो वाकला. मागची मधली चीर उघडली, दोन पल्ले दोन बाजूंना गेले, आणि बैठक सगळी उघडी. दारात उभ्या दोन शेजारणी तोंडाला पदर लावून आत पळाल्या.

"दखा," आबा म्हणाले. "दोनशे मानसेसना पाय पडी हाऊ. बठ्ठा मांडो मांगून दखी."

दोनशे जणांच्या पाया पडताना सगळा मांडव त्याला मागूनच बघणार होता. मुलगा सरळ उभा राहिला, कानापर्यंत लाल. त्याला आरशात हे दिसणं शक्यच नव्हतं. शिंप्याच्या आरशासमोर कुणी कुणाच्या पाया पडत नाही. आबांनी मात्र कोट मागूनच पाहिला होता, कारण लग्नात ते पाटावर समोर बसणार नव्हते. मागे खुर्चीवर बसणार होते.

मी पुन्हा म्हणालो, "म्हणजे लांबच हवा." तोंडाला सवयच आहे.

आबांनी नाही म्हणून मान हलवली. लांब असला तरी वाकल्यावर चीर उघडणारच, कारण ती वर कमरेपर्यंत जाते. मी शिंप्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तो म्हणाला, "हे मला आधी सांगायचं ना. मधली चीर काढून दोन्ही बाजूंना एकेक देऊ. मधला पल्ला वाकल्यावर खालीच राहतो. लांबी पहिलीच ठेवतो. पण मागचा भाग नव्याने कापावा लागेल. त्याच थानातलं पाऊण मीटर आणा."

कापडाच्या दुकानात मी एकटाच गेलो. दुकानदाराने थान काढलं, मीटर हातात घेतला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, अर्ध्यात होईल?"

शेवटच्या ट्रायलला आम्ही घरचे तिघं होतो. आबाही आले होते. मुलगा आधी आबांच्या पाया पडला, मग तिथल्या तिथे माझ्या, माझ्या बायकोच्या आणि सवयीने शिंप्याच्याही. पल्ला जागेवर राहिला. मग तो आरशासमोर गेला. हात सोडले, बोटं मिटली, कड तळहातात. मुलगी टाचेच्या चपला घालून शेजारी उभी राहिली. उंच तर ती दिसतच होती. पण तो बुटका दिसत नव्हता. दोन वेगवेगळ्या उंचीची माणसं, एवढंच.

मी चष्मा पुसून जवळ गेलो. सगळं ठीक होतं, म्हणून बाहीकडे पाहिलं. शर्टाची कड बोटभर दिसत होती. म्हटलं, "बाही अर्धा इंच सोडली तर? कापड आहे आत."

शिंप्याने खडू उचलला. मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तेच 'मला चालेल' ऐकायची तयारी ठेवली होती.

"नको मामा," तो म्हणाला. "बाही बरोबर आहे. मला अशीच हवी आहे."

शिंप्याचा खडू तसाच हातात राहिला. आबा छत बघत होते. मुलगी कुणाकडेच बघत नव्हती, पण तिची बोटं त्याच्या बाहीवर होती, शर्टाची ती बोटभर कड सारखी करत.

मी म्हटलं, "बरं. मी खाली जाऊन चहा सांगतो."

आमच्या घरात मी असं म्हणालो, की कुणीतरी राहू द्या म्हणतं. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. जिन्यावरून मी दोनदा मोजून पाहिलं, सहा चहा. शिंप्याचा धरून.