चौदा ऑक्टोबर आणि पहिला घास

मंडळी, आज सकाळी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये लेकीकडून इतिहासाच्या तारखा पाठ करून घेत होतो. स्वातंत्र्य, प्रजासत्ताक, मग १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा.

माझे बाबा सिहोऱ्याहून आलेत. ते बाजूला बसून ऐकत होते. लेकीनं विचारलं, "आबाजी, तुम्ही होते का तिथं?"

"माय-बाप गेले होते. मी लहान होतो, घरीच राहिलो," बाबा म्हणाले. "वापस आल्यावर मायनं घरचे देव टोपल्यात घेतले आन् तलावात सोडले. मी रडून राहिलो होतो."

"काहून?"

"रोज पयला घास देवायले राहे. मले वाटलं, आता त्यायले कोन जेवाले देईन? त मायनं तो भाताचा घास माह्या तोंडात घातला. म्हणे, आजपासून हा तुहा."

"मग रडणं थांबलं?"

"तोंडात घास होता. रडतो कसा?"

लेक हसली. मला काही हसू आलं नाही.

पुस्तकात त्या तारखेपुढे एकच ओळ आहे. आमच्या घरात मात्र पहिला घास देवाकडून लेकराकडे आला, तो त्या दिवसांत.

तुमच्या घरात तेव्हा काय बदललं? सांगणारं माणूस अजून आहे ना?