पाच हातांची देवी

देवीचे हात मोजावेत हे मला सुचलंच नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचं कुरियर माझ्याकडे आलं, फाटक्या कागदातून चित्र दिसलं, आणि मी ते टेबलावर मांडून हळदकुंकू वाहिलं. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची, अक्कल यायची होती. वरच्या मजल्यावरच्या बायकांनाही आरतीला बोलावलं.

ती मुलगी मोबाइलवरच्या लढायांच्या खेळांसाठी चित्रं काढते. बोलते भरभर, पण दाराची साखळी न काढता फटीतूनच. कधीकधी त्याच फटीतून फोनवर एखादा रंगवलेला चेहरा दाखवते. "आजी, ही कोणासारखी दिसत नाही ना?" मी म्हणते, "तुझ्या होणाऱ्या सासूसारखी." ती हसत नाही, पुन्हा विचारते.

कुरियरमधल्या चित्रात मधोमध बसलेली बाई, मागे प्रभावळ, पायाशी हात जोडलेली माणसं. कोणीही फसलं असतं. मुलगी कुरियर न्यायला आली तेव्हा आरती रंगात आली होती. ती दारातच थबकली. मग आत येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा टाळ्या वाजवत शेवटपर्यंत आरती म्हणाली. प्रसाद घेताना तिने चित्राकडे पाठ फिरवली, तेव्हा माझं हसू मावळलं.

बायका गेल्यावर तिने माझ्या दाराला कडी लावली आणि म्हणाली, "आजी, ही राक्षसीण आहे. खेळात शेवटी हिचं मुंडकं उडवतात. कोणाचीच देवी वाटू नये म्हणून मुद्दाम पाच हात काढले होते. आता ह्यांचीच पोरं खेळात हिला मारतील ना, तेव्हा ह्या बायका चिडून माझ्या दारात येतील. तेव्हा तुम्ही तुमचं दार उघडाल का माझ्यासाठी?"