एक वर्ष बाकावर

कुंदा गेली तेव्हा माझा फोन तांदळाच्या डब्यात होता.

वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण ज्याने कुंदाबरोबर जानेवारीतली एक तरी सकाळ काढली आहे त्याला नाही वाटणार. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटचे बाद फेरीचे सामने, तिकडे संध्याकाळी होतात, तेव्हा इकडे साउथहॅम्प्टनला आपण घोरत असतो. म्हणून कुंदा सामना रेकॉर्ड करून ठेवायची आणि सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बघायची. तोवर निकाल कानावर पडता कामा नये, हा तिच्या घरचा कडक सोवळ्याचा नियम. रेडिओ बंद, दारावर कोणी आलं तरी उघडायचं नाही, आणि दोघींचे फोन तांदळात. यंदा ती हॉस्पिसमध्ये होती, शेवटच्या आजारातल्या माणसांना ठेवतात तिथे. तीन-साडेतीन तास बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की मी माझ्या घरी सामना बघायचा आणि दुपारी दोनला जाऊन तो तिला गोष्टीसारखा सांगायचा. "पण निकाल आधी सांगू नकोस बाप्पा. तुला सवय आहे शेवट आधी सांगून टाकायची," असं तिने आदल्या दिवशी बजावलं होतं. मी सगळं इमानदारीने केलं. कागदावर टिपणं काढली, तिचा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकला तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले. मग डबा उघडला, तर फोनवर तिच्या नवऱ्याचे, श्रीधररावांचे चार मिस्ड कॉल. ती साडेनऊलाच गेली होती... टिपणांचा कागद हातातच होता.

डॉक्टर कुंदा म्हणजे भूलतज्ज्ञ. इथल्या हॉस्पिटलात तिने इतक्या वर्षांत किती माणसांना झोपवलं आणि उठवलं त्याची गणती नाही. बाई उंचीने पाच फूट, आवाज मात्र गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मूळची नागपूरची, आणि अर्धशतक इंग्लंडात राहूनही "काय करून राहिली?" हे तिच्या जिभेवरून उतरलं नाही. तरुणपणी एक वर्ष शिकायला अमेरिकेत होती. तिकडच्या मधल्या मुलखातलं कुठलंसं लहान कॉलेजगाव. तिथे ती इतकी एकटी पडली की बसच्या ड्रायव्हरला रोज सविस्तर 'गुड मॉर्निंग' म्हणायची, म्हणजे दिवसातून एकदा तरी तोंड उघडेल. एका शनिवारी तिची घरमालकीण, सत्तरीची म्हातारी, हातात एक लाल टोपी घेऊन आली आणि म्हणाली, चल. अख्खं गाव लाल कपड्यांत स्टेडियमकडे निघालेलं. ह्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. हेल्मेट घातलेली दांडगी मुलं अंडाकृती चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळतात. कुंदाला काही म्हणजे काही कळलं नाही. पण एक धाव यशस्वी झाली आणि शेजारच्या अनोळखी माणसाने तिला कडकडून मिठी मारली. "तिथे आल्यापासून मला पहिल्यांदाच कोणीतरी हात लावला गं," ती सांगायची. "मग मी ठरवलं, हीच आपली टीम."

आमची ओळख मात्र गोड झाली नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय माझं. चाळीसेक वर्षांपूर्वी ती लेस्टरहून इथल्या हॉस्पिटलात बदलून आली. तेव्हा मी आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. आता त्या बत्तीस वर्षांच्या सुमनकडे बघितलं की मला हसू आवरत नाही. कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारणारी ही बाई मंडळात आली की राणी व्हायची. मंडळात होती सदतीस कुटुंबं, पण हिचा तोरा असा की जणू हिला पार्लमेंट चालवायचं आहे. गणपतीत चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये एक नाटक व्हायचं आणि त्यात नायिका ओळीने सहा वर्षं मीच. दिग्दर्शकाला मी जेवायला बोलवत असे, हा योगायोग समजावा. अशात बातमी आली की लेस्टरहून येणारी नवी डॉक्टरीण तिथल्या मंडळाची गाजलेली नटी आहे. मी काय केलं? लायब्ररीच्या टाइपरायटरवर बसून मंडळाच्या घटनेत एक कलम वाढवलं. अन्य मंडळातून आलेल्या सभासदाने पहिल्या वर्षी रंगमंचावर काम करू नये, त्याने आधी मंडळाच्या परंपरा समजून घ्याव्यात. परंपरा! मंडळ तेव्हा आठ वर्षांचं होतं. समितीतल्या पुरुषांनी समोसे खाता खाता ते मंजूर केलं.

कुंदाने कलम वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. पडदा ओढायला तरी चालेल का?" त्या वर्षी तिने पडदा ओढला. मी विसरले की विंगेतून वाक्यं पुरवली, आणि मी बरीच विसरले. पुढच्या वर्षी ती उभी राहिली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण सात वर्षं काय बघत होतो. मलाही आलं. दोन महिने मी तिच्याशी घुश्शात होते. मग माझ्या धाकट्याला डांग्या खोकला झाला आणि ही बाई नाइट ड्यूटी संपवून सलग आठ दिवस सकाळी माझ्या दारात. आली की आधी पोराला तपासायची आणि मग मला म्हणायची, "तू झोप. मी लोकांना झोपवायचेच पैसे घेते." अशा माणसाशी किती दिवस भांडता येतं?

मैत्री झाली ती झालीच. तिच्या फुटबॉलला मी आधी पोह्यांसाठी जायचे, नंतर त्या खेळाचीच चटक लागली. पूर्वी प्लेऑफला चारच कॉलेजं असायची, आता बारा झाली, म्हणजे पोह्यांच्या सकाळीही वाढल्या. तिचे लाल टोपीवाले बिचारे वर्षानुवर्षं दारापर्यंत यायचे आणि हरायचे. कुंदा टीव्हीला शिव्या द्यायची, वऱ्हाडी, ऐकण्यासारख्या, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा खेळाडूंची नवी यादी पाठ करायची.

मला न आवडलेली गोष्ट म्हणजे खेळाडूंच्या बदल्या. दोन जानेवारींपूर्वी आम्ही अशाच बसलो होतो. तिच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळे डाव चालवणारा मुलगा, मला ओळखीचा वाटला.

"हा गेल्या वर्षी त्या पिवळ्यांकडे होता ना गं?"

"हो."

"आणि त्याच्या आधी?"

"आणखी तिसरीकडे."

"ही काय धर्मशाळा आहे? आज इथे, उद्या तिथे, जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे!"

कुंदाने लिंबू पिळलं. "त्याचा कोच गेल्या महिन्यात पोरांना अर्ध्यावर सोडून दुसऱ्या कॉलेजात गेला. त्याला नाही म्हटलीस धर्मशाळा." मग तिने मला समजावलं. आता एक यादी असते, पोर्टल म्हणतात तिला. खेळाडूने आपलं नाव त्यात टाकलं की दुसरी कॉलेजं त्याला बोलावू शकतात. "मलाही त्रास होतो. एक चेहरा ओळखीचा व्हावा तर तो गायब. पण माझ्या करमणुकीसाठी त्या पोराने एका जागी कुजून राहायचं का? आपण नाही का सोडून आलो? नागपूर सोडलं, लेस्टर सोडलं. विमानात बसताना कोणी आपली निष्ठा विचारली होती?"

"पण काही शिस्त?"

"होती ना. जुना नियम होता, कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसायचं. सराव करायचा, घाम गाळायचा, पण सामना खेळायचा नाही. आता काढून टाकला."

"चांगला होता की!" मी म्हणाले. "एक वर्ष बसलं तर काय बिघडतं?"

कुंदाने रिमोट उचलून सामना थांबवला. पडद्यावर तो मुलगा हात उगारून तसाच गोठून राहिला.

"त्या वर्षी माझे बाबा आले होते, सुमन."

मला आधी अर्थबोधच झाला नाही. मग तिने सांगितलं, अगदी शांतपणे, पेशंटला भुलीचे धोके सांगावेत तसं. तिचे वडील नागपुरात हेडमास्तर. शाळेत नाटकं बसवायचे आणि लेकीला त्यांनीच उभं राहायला, बोलायला शिकवलेलं. ती डॉक्टर झाली, परदेशात गेली, आणि आपली मुलगी तिकडेही नाटक करते हे त्यांना फक्त पत्रांतून ठाऊक. एकदा बघायचं म्हणून ते त्या सप्टेंबरात आले. आयुष्यातला एकमेव विमानप्रवास. तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी नाटक पाहिलं... माझं. लेक पडद्याची दोरी धरून उभी होती. नागपूरला परतल्यावर उन्हाळ्याच्या आतच ते गेले.

ते गृहस्थ मला चांगले आठवत होते. आठवत होते म्हणजे काय, चाळीस वर्षं मी त्यांच्यावर टाळ्या घेत होते! सप्टेंबरात ओव्हरकोट घातलेले आजोबा नाटकानंतर माझ्याकडे आले आणि मला म्हणाले, "छान केलंत हो. वाक्याचा शेवट गिळू नका." त्यांची नक्कल हा माझा ठेवणीतला आयटम होता. ओव्हरकोटाची कॉलर, ते खाकरणं, ते 'गिळू नका'. दिवाळीच्या पार्टीत, डोहाळजेवणात, कुठेही लोक म्हणायचे, सुमनताई, ते आजोबा करा ना. मी करायचे. आणि कुंदा तिथेच बसलेली असायची, सगळ्यांबरोबर हसत.

"तू मला कधी बोलली का नाहीस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू कलम मोडून मला भूमिका दिली असतीस. उपकार म्हणून. तशी बाबांनाही नको होती. ते म्हणाले, नियम आहे तर नियम आहे, आपण हेडमास्तर आहोत." मग म्हणाली, "आणि तुझी नक्कल चांगली असते गं. खाकरणं अगदी तसंच. तेवढ्यापुरते मला बाबा दिसायचे."

मी पायाशी पडायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा टाकते." स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. आणि माफी मागायची राहिली ती राहिलीच. पुढच्या भेटीत मागू, निवांत मागू... मग तिचा आजार निघाला, आणि आजारी माणसासमोर आपलं ओझं कशाला उतरवा असं मी स्वतःला सांगू लागले. पळवाटा शोधण्यात मी बत्तिसाव्या वर्षी होते तितकीच हुशार आजही आहे. माझ्या इथे जन्मलेल्या नातीला मी सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुझा नियम खूप मीन होती. से सॉरी ना." एवढं सोपं असतं पंधराव्या वर्षी.

शेवटच्या भेटीत, म्हणजे ज्या दिवशी तिने मला निकाल आधी न सांगण्याचं बजावलं त्याच दिवशी, मी एकदाची तोंड उघडून बसले. "कुंदा, ते कलम..." एवढंच म्हणाले आणि रडू आलं. तिने डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, "अजून आहे का ते?"

"काय?"

"कलम. काढलं होतं का कोणी?"

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत बघायची गरजच पडली नव्हती.

"मग बघ आधी," ती म्हणाली. "रडून काय करून राहिली?"

तिच्या जाण्याला महिना झाला आणि मंडळाची वार्षिक सभा आली. आता मंडळ मोठं झालं आहे, सगळी तरुण सॉफ्टवेअरची मंडळी. सेक्रेटरी आहे ऋता, पुण्याची, लॅपटॉपवर सगळी घटना ठेवणारी. सभेच्या आधी मी तिला विचारलं. "आहे ना काकू, क्लॉज फोर्टीन," ती उत्साहाने म्हणाली. "आम्ही स्ट्रिक्टली फॉलो करतो. आता ती केतकी रीडिंग गावच्या मराठी मंडळातून आली ना, ऑडिशन काय सुपर्ब दिली तिने! पण तिला सांगितलं, सॉरी, वन इयर. बॅकस्टेज कर."

मी उभी राहिले. श्रीधरराव मागच्या रांगेत बसले होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर पुन्हा चहा टाकायला पळाले असते. कलम रद्द करावं अशी सूचना मांडली. एक जण म्हणाला, "पण काकू, लॉयल्टीचं काय? लोक रोल मिळाला की येतील आणि जातील." दुसरी म्हणाली, "एवढी वर्षं चाललंय म्हणजे काहीतरी विचार असेल ना त्यामागे." असेल ना! तेव्हा मला सांगावंच लागलं, दिग्दर्शकाच्या जेवणापासून ओव्हरकोटापर्यंत. ज्यांनी माझी ती नक्कल पाहिली होती ते आधी हसले. मग एकेकाची मान श्रीधररावांकडे वळली. केतकी दाराशी खुर्च्या लावत होती, ती थांबली.

हात वर झाले. विरोधात एकच, त्या लॉयल्टीवाल्याचा, आणि त्यानेही तो बायकोकडे बघून अर्ध्यावरूनच खाली घेतला. श्रीधररावांनी वर्गणी भरलेली नव्हती, तरी त्यांचा हात वर होता आणि बराच वेळ तो त्यांनी खाली घेतला नाही.

ऋता सभेचा वृत्तांत टाइप करत होती. मान वर करून तिने विचारलं, "काकू, मिनिट्समध्ये कारण काय टाकू? बदलत्या काळाची गरज, असं टाकू?"

"नको," मी म्हणाले. "लिही, हे कलम करणाऱ्या बाईला त्या वर्षी नायिका व्हायचं होतं. आणि त्यामुळे डॉक्टर कुंदा यांचं काम त्यांच्या वडिलांना बघता आलं नाही."

"असंच लिहू? शब्दशः?"

"शब्दशः. आणि खाली सही मी करते."