तांबड्या घोडीचा पाय
सून माझ्या गुडघ्यासाठी आंबेहळद उगाळते, तेव्हा त्या वासाने मला माझी तांबडी घोडी आठवते. तरुणपणी मी पोशीरहून नेरळला जाऊन साहेबलोकांना घोडीवरून माथेरानला नेत असे. मग तिचा पुढचा डावा पाय लंगडू लागला आणि तीन वर्षं तेच चाललं. आठ दिवस बरी चालायची, की पुन्हा चढावर पाय उचलून धरायची. रोज संध्याकाळी मी तिच्यापुढे उकिडवा बसून पायाला आंबेहळदीचा गरम लेप लावायचो. सल्ला द्यायला गावात कुणाची कमी नव्हती; ऐकून ऐकून थकलो आणि शेवटी डाग द्यायचं ठरवलं. वाडीवरचा एक म्हातारा जनावरांना डाग द्यायचा. त्याने अंगणात गोवऱ्या पेटवून विळा लाल केला. "दोरीनं पाय आवळ रं," तो म्हणाला, "जनावर हाय, लाथ झाडंल." मी दोरी घेऊन घोडीपुढे बसलो. तेवढ्यात तिने आपण होऊन दुखरा पाय उचलला आणि रोजच्यासारखा माझ्या मांडीवर ठेवला. तिला वाटलं, लेपच आहे. "राहू द्या बाबा," मी म्हणालो. "मंग लंगडीच राहील ती." "राहू दे." त्याने विळा पाण्यात बुडवला. घोडी शेवटपर्यंत लंगडलीच. माझा गुडघाही आता बरा व्हायचा नाही, हे सुनेला ठाऊक आहे आणि मलाही. तरी ती वाटी घेऊन समोर बसली, की मी न सांगता पाय पुढे करतो.