काळ्या मातीत साइड स्टँड

गाडी उभी असताना पडली. चालवताना नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकाने मला "कुठं धडकली?" असंच विचारलं, आणि "कुठंच नाही, उभी होती" म्हटल्यावर प्रत्येकजण हसला. जणू धडकण्यात काहीतरी मर्दुमकी आहे आणि उभी गाडी पाडण्यात नुसती लाज.

जागा घनसावंगी. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेने माती टाकलेली, आणि माती टाकून झाल्यावर रुंद करणारे कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नाही. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. आमच्याकडची काळी माती वरून वाळलेली दिसते, पपडी धरते, आणि खाली लोणी असते. मी त्या पपडीवर गाडी साइड स्टँडला लावली, चावी काढली आणि पत्रकं वाटायला निघाले. दहा पावलं गेले असेन. मागे धाडकन आवाज झाला आणि त्यानंतर बराच वेळ प्लास्टिकच्या बादल्या गडगडत राहिल्या. भांड्यांच्या दुकानासमोर रचलेल्या बादल्यांवर माझी गाडी आडवी झाली होती.

दुकानदार शेठजी धावत आले. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण बोलण्यात शेठजी माझ्यापेक्षा पक्के इथले. मी बादल्या गोळा करायला लागले तर म्हणाले, "बादल्याचं सोडा ताई, पेट्रोल गळून राह्यलंय. कॉक बंद करा जल्दी!"

कॉक कुठे असतो ते मला माहीत नव्हतं. चार महिने ती गाडी चालवत होते आणि माहीत नव्हतं. शेठजींनीच वाकून फिरवला. तोवर गाडीला अडकवलेल्या पिशव्यांतली अर्धी पत्रकं पेट्रोलने भिजली होती. 'रेशन दुकान महिनाभर उघडं ठेवा' हे त्यावरचं शीर्षक, तीन उद्गारचिन्हांसह, माझ्याच हातचं. बिडी ओढत बघायला आलेल्या एकाला शेठजींनी असं काही हाकललं की तो रस्ता ओलांडून उभा राहिला.

मग चार माणसं आली आणि मला न विचारता त्यांनी गाडी उचलली. क्लचची दांडी वाकली होती, डावा आरसा फुटला होता, गिअरचा दांडा आत वळला होता. गाडी उचलून झाल्यावर सल्ले सुरू झाले.

"ताई, स्कुटी घ्या ना."

"पाय पुरत नसतील हो त्यांचे."

"बायामाणसाला कशाला हे धूड?"

माझे पाय पुरतात. दोन्ही तळवे सपाट टेकतात. मी ते तिथेच टेकवून दाखवले, आणि त्यामुळे अजूनच हशा झाला.

ही गाडी माझी नव्हती. आमची संघटना लहान, तिच्याकडे एकच जुनी मोटारसायकल. आधी ती एका कार्यकर्त्याकडे होती. मी भांडून मागून घेतली, कारण गोदाकाठच्या ज्या गावांत मी बायकांच्या बैठका घेत होते, तिथल्या बायका साडेनऊच्या टेम्पोने शेतावर जातात. त्यांना जे काही सांगायचं, विचारायचं, अर्जावर अंगठा घ्यायचा, ते नऊला. आणि या कार्यकर्त्याचा पहिला चहाच साडेनऊला होतो. त्याच्या मागे बसून मी महिनाभर गेले आणि महिनाभर रिकाम्या पारावर पोचले. जीप म्हणावी तर भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे चावी माझ्याकडे असणं म्हणजे बैठक होणं. एवढं साधं होतं ते.

संघटना चालवणारे भाऊ पन्नाशीचे आहेत. वाईट माणूस नाहीत, म्हणूनच जास्त चीड येते. वाईट माणसावर पत्रक काढता येतं. गाडी बघून ते एवढंच म्हणाले, "शनिवारच्या बैठकीत चावी ठेव. तुला लागलं-बिगलं तर आम्ही तुझ्या घरच्यांना काय सांगायचं? तू आपली त्याच्या मागं बसून जात जा."

"भाऊ, माती खचली. मी पडले नाही, गाडी पडली."

"तेच म्हणून राह्यलो मी."

ते काय म्हणत होते ते मला आजही कळलेलं नाही.

शनिवारला चार दिवस होते. साइड स्टँडचा भरवसा नाही, तर डबल स्टँड शिकायचा, असं मी ठरवलं. मधला तो दोन पायांचा स्टँड मी कधी वापरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या अंगणात कुणी नाही असं बघून सुरुवात केली. डाव्या बाजूला उभी राहिले, मागचा कॅरिअर दोन्ही हातांनी धरला आणि उचलायला लागले. कमरेतून कळ गेली. गाडी इंचभर वर आली आणि परत बसली. पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा गाडी वर येण्याऐवजी पलीकडे गेली. माझ्यापासून लांब, उजवीकडे. डावीकडे कलणारी गाडी निदान अंगावर तरी घेता येते. पलीकडे जाणाऱ्या गाडीला निरोप देण्यापलीकडे काही करता येत नाही. उजवा आरसा शिल्लक होता, तोही गेला.

नेमका तो कार्यकर्ता तेव्हाच फाटकातून आत आला. "आता दोन्हीकडून बराबर झाली," म्हणाला. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिकवणारा भेटला तो अंकुशनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दूध संकलन केंद्रापाशी. धनगर वस्तीवरचे एक काका, साठीच्या पुढचे, अंगावर माझ्याइतकंही मांस नाही. त्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा जुनी, दोन्ही बाजूंना दुधाने भरलेल्या कॅन. ते उतरले, एक पाय खाली दिला, आणि ती सगळी वरात मागे सरकून डबल स्टँडवर चढली. तोंडातली तंबाखूसुद्धा हलली नाही.

मी गाडी बाभळीला टेकवून त्यांच्याकडे गेले. हो, बाभळीला टेकवून. त्या दिवसांत मी असंच करत होते.

"काका, एवढ्या वजनाची गाडी कशी चढवता?"

"चढवावीच लागती. साइड स्टँडला लावून उजवी कॅन काढली की गाडी डावीकडं बसलीच समजा. दूध नालीत." मग त्यांनी बाभळीकडे बघितलं. "तुमची कुठं पडली?"

"घनसावंगीत. मातीत स्टँड रुतला."

"खाली फरशीचा तुकडा न्हाई ठेवला?"

"नाही."

"अन् ह्या पिशव्या कुठं व्हत्या?"

"डाव्या बाजूला."

"दोन्ही?"

"दोन्ही. उजवीकडे सायलेन्सर आहे. एकदा शंभर पत्रकं करपली होती, तेव्हापासून सगळं डावीकडेच अडकवते."

काकांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी स्टँड डावीकडं, कल डावीकडं, वझं बी डावीकडं. किती शिकेल हाय तुम्ही?"

"एम.ए."

"मंग बराबर हाय."

मी संतापले, पण गेले नाही. गरज माझी होती. काकांनी बाभळीपासून गाडी आणायला लावली आणि आधी साइड स्टँड खाली करून ठेवायला सांगितला. हुकलं तर गाडी त्याच्यावर परत येते, पलीकडे जात नाही. मग डावा हात हँडलला, हँडल सरळ. उजवा हात मागच्या कॅरिअरला. मी सवयीने वाकून जोर लावायला गेले.

"म्हैस उचलून राह्यल्या का? हात निस्ते धरायला हायेत. पाय द्या."

मी स्टँडच्या बाहेर आलेल्या दांड्यावर पाय दिला.

"दोन्ही खूर जिमिनीला टेकले का? हलवून बघा. एकच टेकला आसंल तर गाडी वाकडी हाय. सरळ करा."

टेकले होते. खालून टक असा आवाज आला होता.

"आता चढा त्याच्यावर. निस्ता पाय न्हाई, सगळ्या अंगासकट. पायात जीव हाय ना? का समदा तोंडातच?"

माझं पत्रक त्यांना आठवड्यापूर्वीच मिळालं होतं, हे नंतर कळलं.

पहिल्यांदा पाय सटकून नडगीला लागला. दुसऱ्यांदा गाडी अर्धी चढून परत आली. केंद्रावर दूध घालायला आलेली माणसं आपापल्या किटल्या खाली ठेवून उभी राहिली. कुणी म्हणालं, "राहू द्या ताई, आम्ही लावून देतो." काकांनी त्यांना गप्प केलं. "तुम्ही काय रोज जाणार हाय का तिच्या मागं?" पाचव्यांदा मी खरोखर सगळी उभी राहिले त्या दांड्यावर, आणि गाडी आपोआप मागे सरकून वर बसली. मी काही उचललंच नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. हे दोन मिनिटांचं काम होतं. घनसावंगीपासून अंबडपर्यंत किती तरी पुरुषांनी मला स्कुटी घ्यायला सांगितलं, पण पाय कुठे द्यायचा हे एकानेही सांगितलं नाही. आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारलं की चावी गेली असं मला वाटत होतं. लोकांना 'विचारा, जाब विचारा' असं पत्रकातून सांगणारी मी.

काका तोवर खाली बसून गाडी बघत होते. "हा गिअरचा वाक नवा हाय. हा फुटरेस्टचा जुना. गंज बघा त्याच्यावर. टाकीच्या खालचा पोचा बी जुनाच." ते उठले. "ही गाडी तुमच्या आधी बी पडेल हाय. दोनदा तरी."

शनिवारी बैठक सकाळी साडेसातला, अंबडला. मला नऊला शहागडच्या अलीकडच्या एका गावात पोचायचं होतं, म्हणजे सव्वाआठला निघायचं. मी गाडी कार्यालयासमोर डबल स्टँडला लावली. भाऊंनी विषयपत्रिका संपवून माझ्याकडे हात पुढे केला. चावीसाठी.

"आधी एक विचारायचंय," मी नुकत्याच डोळे चोळत आलेल्या त्या कार्यकर्त्याकडे वळले. "तुझ्याकडे होती तेव्हा गाडी पडल्ती का?"

"पडल्ती एकदोनदा," तो सहज म्हणाला. "उभीच व्हती. वाऱ्यानं पडली."

"वाऱ्यानं! तुझी गाडी वाऱ्यानं पडते आणि माझी बाईमुळे?"

"आता ह्याच्यात बाई-माणूस कामून आणून राह्यली तू?"

"मी नाही आणलं. भाऊ, याला कधी म्हणालात का, चावी ठेव, तुला लागलं तर घरच्यांना काय सांगू?"

भाऊ हसले. "अगं, चिडते काय एवढी?"

मग मी चिडले. पिशव्या, माती, गंज, साडेनऊचा टेम्पो, सगळं एका दमात. कार्यकर्ता मध्ये म्हणाला की तो लवकर उठायला तयार आहे, त्यावर बाकीचेच हसले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते आणि आम्ही अजून, गाडी पडते म्हणजे नेमकं कुणामुळे पडते, यावर चर्चा करत होतो.

"बरं, राहू दे चावी तुझ्याकडं," भाऊ शेवटी म्हणाले. "पण आता नीट लावत जा."

"नीटच लावते. बाहेर या, दाखवते."

"चहा येऊन राह्यलाय आता."

कुणी बाहेर आलं नाही. मी गाडी स्टँडवरून पुढे ढकलून काढली आणि निघाले.

गावात पोचले तेव्हा टेम्पो चालू होता आणि बायका आत बसल्या होत्या. एकीने वरूनच हाक मारली, "नऊ म्हनली व्हती ना माय?" मी हो म्हटलं. "आमच्या बी हजेरीचा टाइम आस्तो," ती म्हणाली, आणि टेम्पो गेला. पारावर चार जणी उरल्या, दोन म्हाताऱ्या, एक गरोदर आणि एक तिची सासू. ज्या अर्जावर सगळ्या गावातल्या बायकांचे अंगठे हवे होते, त्याच्यावर त्या सकाळी चार झाले.

"कामून उशीर झाला?" सासूने विचारलं.

बैठकीत गाडीच्या चावीवरून भांडत होते, हे सांगायची मला शरम वाटली. तरी सांगितलं.

"मिळाली का मंग?"

"मिळाली."

"मंग उद्या साडेआठलाच ये. समद्या आस्त्यात तवा."

मी येते म्हटलं. कुणाला विचारायचं नव्हतं.